अफलातून

कोशाची कचेरी नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर.
जिना इतका अरुंद, की वर चढणाऱ्यानं
उतरणाऱ्याची ओळख करूनच घ्यावी.
मी 'अ'च्या कपाटाशी बसते.
'अप्रतिम' मंगळवारी संपला, 'अफरातफर' काल.
तिच्या आणि 'अफवा'च्या मधोमध
हा अवघडून उभा.

मूळचा हा माणूस होता.
अथेन्समध्ये राहायचा, विचार करायचा.
अरबांच्या जिभेला प नाही, त्यांनी फ केला,
पुढे टेकू म्हणून अ दिला.
फारसीनं घोड्यावर घालून दख्खनेत आणला.
वाटेत ग्रंथ सांडले, दाढी गळाली,
पेठेत पोचलं ते नुसतं विशेषण,
मिसळीला लावा, षटकाराला लावा,
कोल्हापुरी चपलेला लावा.

बेहेरे सर म्हणतात, अर्थ काय, कुणीही लिहील.
उपयोग आणा. कानानं ऐकलेला, तारखेसकट.

म्हणून मी वही घेऊन हिंडते.

चार तारीख, अलका चौक, रिक्षावाले भिलारे:
"खड्डा बघा मॅडम, काय अफलातून गोल काढलाय!"
सात तारीख, खालच्या आगटेबाई, भाच्याला:
"आलाय मोठा अफलातून! चपला घालून ओट्यापाशी?"
म्हणजे एकाच शब्दात कौतुकही आणि थोबाडीतही.
दोन कार्डं केली, दोन्ही पास झाली.
पण निखळ, बिनतिखटाचा उपयोग
मिळेना.

नऊ तारखेला रविवार पेठेत गेले,
मुनीर शिकलगारांकडे.
आईची कात्री होती, ब्लाउज बेतायची,
बोथट होऊन किती वर्षं ट्रंकेत पडलेली.
त्यांनी चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या,
एक माझ्या वहीवर येऊन विझली.
मग वर्तमानपत्राची पट्टी ओली केली
आणि तिच्यातून कात्री नेली.
कागद फाटला नाही,
आपणहून दोन झाला.
मी पेन उघडून उभी,
आता म्हणतील, आता म्हणतील.
"चाळीस रुपये," ते म्हणाले.
मग पात्यावर नख फिरवलं, माझ्याकडे न बघता:
"ह्या पोलादाला नाव ठेवायला जागा नाही."

नाव ठेवायला जागा नाही!
आणि मी त्या हरवलेल्या नावाच्या माणसाला घेऊन
भर दुपारी भांड्यांच्या दुकानांपुढे उभी,
पातेल्यांच्या ठणठणाटात.

सरांनी कार्ड परत पाठवलं. लाल पेन्सिल:
'शब्द वाक्यात आलेला नाही. ग्राह्य नाही.
न मिळाल्यास स्वतःचं वाक्य द्यावं.'

स्वतःचं.
शनिवारपर्यंत ती ओळ कोरीच.
एकदाच लिहिलं:
'वीज गेली आणि सगळी कचेरी खिडकीशी आली;
समोरच्या गच्चीवर कुणी तरी एकटं दोरीच्या उड्या मारत होतं. अफलातून.'
लाल पेन्सिल:
'वीज जाणं पुण्यात अपवादात्मक नाही.'
उड्यांबद्दल काही नाही.

शेवटी मुनीरभाईंचं वाक्य
'नाव' खाली लावायला दिलं. सरांनी दोनदा वाचलं,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला,
म्हणाले, "बरं आहे."

सहा वर्षांत पहिल्यांदा.
संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी 'ब'चं कपाट उघडलं. ते माझ्या आधीचं,
सगळी कार्डं सरांच्या तरुण, तिरक्या अक्षरात.

बरा, वि. १. निरोगी. २. ठीक, चालण्याजोगा.
३. (उपरोधानं) 'बरा सापडलास!'
४. (पुणे, क्वचित) पाहा: अफलातून.

पुढे उदाहरण होतं, शाईचं, एका ओळीचं.
ते खोडलं होतं लाल पेन्सिलीनं,
त्यांच्याच.
दिव्यापुढे धरून पाहिलं. एवढंच लागलं,
'... हसली तेव्हा'.

कार्ड होतं तिथे ठेवलं.
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता.
उद्या 'अफवा'.